देवचाराच्या गावात काजूची भट्टी : पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

गावात स्वतःची लहान भट्टी, आपल्या हातची फेणी आणि बाटलीवर गावातली एखादी जुनी गोष्ट, असा विचार घेऊन गोव्यात आणि सिंधुदुर्गात आज बरेच तरुण पुढे येत आहेत. मला त्याचा मनापासून आनंद होतो, कारण आमच्या सत्तरी-डिचोलीकडच्या डोंगरांत अजूनही पुष्कळ बोंडू (काजूचे फळ) झाडाखालीच सडतो. अडचण एवढीच की बहुतेक जण सुरुवात लेबलापासून करतात. नाव ठरते, चित्र काढून होते, आणि मग कळते की पावणी (काजू विभागांचा लिलाव) होऊन गेली, बोंडू दुसऱ्याने उचलला आणि ज्या देवाचे नाव घेतले त्याच्या गावाला कोणी विचारलेलेच नाही. म्हणून कामे ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने खाली लिहिली आहेत. हे सगळे गोव्यातल्या काजूच्या भट्टीबद्दल आहे. सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

१. काय काढणार ते आधी ठरवा

एकाच बोंडूपासून तीन वेगवेगळे धंदे होतात. मळणीनंतर, म्हणजे बोंडू तुडवून रस काढल्यावर, उरलेल्या चोथ्यावर दगड ठेवला की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. त्यात मद्य नसते, तो त्याच दिवशी प्यायचा आणि त्याच दिवशी विकायचा. आंबवलेला रस एकदा भट्टीवर चढवला की उर्राक मिळतो. तो साधारण पंधरा टक्क्यांचा असतो आणि मार्च ते मे एवढाच चालतो, कारण तो टिकत नाही. उर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा भट्टीवर चढवून धार काढली की फेणी. पूर्वी याच्या मधे काजुलो काढत आणि तो पुन्हा उर्राकाबरोबर चढवून कडक फेणी करत. आज बाजारात मिळणारी बहुतेक फेणी दोनदा काढलेली, ४२.८ टक्क्यांची असते.

पहिल्या वर्षी उर्राक आणि थोडी फेणी एवढेच करा. उर्राकाचे पैसे त्याच मोसमात हातात येतात, फेणीत मात्र ते अडकून पडतात. बाटलीबंद करण्याचा कारखाना हा वेगळा परवाना, वेगळी जागा आणि वेगळे भांडवल मागतो. अनेक लहान भट्टीवाले आपली फेणी परवानाधारक बॉटलिंगवाल्याला देतात आणि त्याच्याशी आपल्या नावाचा करार करतात. सुरुवातीला हाच मार्ग झेपतो.

सिंधुदुर्गातल्यांनी एक लक्षात घ्यावे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दोडामार्गातला बोंडू गोव्यातल्या बोंडूइतकाच रसाळ असला तरी तिथे काढलेल्या दारूला फेणी म्हणता येणार नाही. शिवाय महाराष्ट्रात १९४९चा मद्यनिषेध कायदा लागू आहे आणि परवान्याची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेणे हाही गुन्हाच आहे.

२. गोष्ट गावाची आहे, गावाला विचारा

ही पायरी मी परवान्याच्याही आधी ठेवतो. आमच्या भागात राखणदार किंवा देवचार हा गावाची सीमा सांभाळणारा. हातात दांडा, पायात वहाणा. रात्री त्याच्या मशालीचा उजेड पाहिला असे सांगणारे लोक प्रत्येक वाड्यावर भेटतात. त्याला सोरो-रोट देतात, म्हणजे दारू आणि तांदळाच्या पिठाची जाड भाकरी. म्हापशाचा बोडगेश्वर हा असाच राखणदार. डिचोली तालुक्यात साळला होळीच्या दिवसांत गड्यांचा उत्सव होतो, तेव्हा रात्रभर देवचाराच्या उजेडामागे गडे फिरतात आणि गाव जागे असते. हे सगळे नेमके काजूच्या मोसमात येते. म्हणजे भट्टी आणि लोककथा यांचे नाते आपण नव्याने जोडायची गरज नाही, ते आधीपासून आहे.

नाते खरे आहे म्हणूनच ते जपून हाताळायला हवे. सोरो देवाला अर्पण करणे वेगळे आणि देवाचे चित्र बाटलीवर छापून ती बारमध्ये विकणे वेगळे. रिकामी बाटली गटारात पडते, तिच्यावर कोणाचा तरी राखणदार असतो. सातेरी तर आमच्याकडे वारुळाच्या रूपात पुजली जाते, तिचे नाव दारूवर घालण्याचा विचारही करू नका. आरवलीच्या वेतोबाला लोक श्रद्धेने मोठाल्या वहाणा वाहतात. त्या वहाणांचे चित्र लेबलावर शोभेल असे कोणी चित्रकार सुचवील, त्याला नाही म्हणा. हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(२) प्रमाणे धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेले चिन्ह नोंदवले जात नाही. सगळा खर्च करून शेवटी नकार हाती येतो.

मग गोष्ट वापरायची कशी? मी असे करतो आणि तसेच सुचवतो:

आधी गावकर, महाजन आणि गाऱ्हाणे घालणारा घाडी यांच्याकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तरी चालेल, पण छापून तयार केलेले लेबल घेऊन जाऊ नका. कोणती गोष्ट बाहेर सांगायची आणि कोणती गावातच ठेवायची हे त्यांनाच विचारा. काही गाऱ्हाणी ठरावीक जागीच म्हणायची असतात, ती ध्वनिमुद्रित करू नका.

देवापेक्षा त्याच्या वाटेवरच्या गोष्टी घ्या. सीमेवरचा जुना आंबा, पाण्याची झर, तळीचे नाव, रात्री उजेड दिसतो ती घाटी, आजीने सांगितलेली मळणीची आठवण, अशा वस्तूंना आणि जागांना कथा चिकटलेली असते आणि त्या वापरल्याने कोणी दुखावत नाही. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने छापा. चार ओळींची कथा असली तरी ती त्याने सांगितलेलीच ठेवा, आपले रंग भरू नका.

आणि इतिहास तपासा. काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इथे आला. त्याच्याआधी इथे माडाची सूर होती आणि तिची दारू होती. म्हणून ‘हजारो वर्षांपासून देवचाराला काजू फेणी’ असे लिहिलेत तर ते खोटे ठरते. सोरो देण्याची रीत काजूहून जुनी असू शकते, काजूची फेणी तेवढी जुनी नाही. जाणकार वाचक हे पटकन पकडतो.

गावाला काय द्यायचे तेही आधीच बोलून घ्या. जत्रेला ठरावीक मदत, मोसमातला पहिला सोरो राखणदाराला, गावातल्या मुलांना मळणीच्या दिवसांत काम. जे ठरेल ते चारचौघांत ठरवा, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

३. बोंडू आणि पावणी

गोव्यात काजूची दारू काढण्याचा हक्क विभागवार दिला जातो. अबकारी खाते तालुक्यातल्या काजू विभागांची पावणी करते आणि ज्याला विभाग मिळतो त्याला तिथे भट्टी लावण्याचा परवाना मिळतो. याचा अर्थ असा की स्वतःच्या भाटात (बागेत) पन्नास झाडे असली तरी मनाला येईल तेव्हा चूल पेटवता येत नाही. पावसाळा संपला की तालुक्याच्या अबकारी निरीक्षकाच्या कचेरीत जाऊन त्या वर्षीची तारीख, अनामत रक्कम आणि अटी लेखी विचारून घ्या. नियम वर्षागणिक थोडे बदलतात, म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नका.

विभाग कोणाकडे तरी पिढ्यान्‌पिढ्या असेल तर त्याच्याविरुद्ध बोली चढवण्यापेक्षा त्याच्याकडे जाऊन बसा. त्याच्या भट्टीवर एक मोसम हाताखाली काम करा. धार कशी बघायची हे कुठल्याच लेखातून येत नाही, याही लेखातून येणार नाही. शिवाय गावात वैर घेऊन भट्टी चालत नाही.

बोंडू कुठून येणार याचा हिशेब कागदावर मांडा. रसात साखर साधारण दहा ते बारा टक्के असते. ती पूर्ण आंबली तर पाच-सहा टक्के मद्य तयार होते. म्हणजे शंभर लिटर रसातून, गळती आणि टाकून दिलेला भाग वजा जाता, ४२-४३ टक्क्यांची फेणी साधारण दहा लिटर धरा. कोणी यापेक्षा फार जास्त उतारा सांगत असेल तर तो गूळ किंवा साखर घालतो आहे असे समजा.

बागा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या), कोमुनिदादीच्या (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या) किंवा वन विकास महामंडळाच्या असू शकतात. महामंडळाच्या काजूबागांचे लिलाव स्वतंत्रपणे होतात. बी आणि बोंडू यांचा सौदा वेगळा करता येतो. बागवाल्याला मुख्यतः बी हवी असते, बोंडू तो स्वस्तात देतो. हा करारही कागदावरच करा.

४. कागदपत्रे

एक फाईल करून हे सगळे तिच्यात ठेवा, प्रत्येकाच्या दोन प्रती:

– ओळखपत्र, राहण्याचा दाखला, पॅन
– जमिनीचा एक-चौदाचा उतारा. जमीन दुसऱ्याची असल्यास भाडेकरार आणि मालकाचे ना-हरकत पत्र
– पंचायतीचे ना-हरकत पत्र
– अबकारी खात्याचा भट्टीचा परवाना आणि पावणीची पावती
– अन्नसुरक्षा खात्याकडची नोंदणी किंवा परवाना
– व्हॅटची नोंदणी
– उद्यम नोंदणी, कर्ज घ्यायचे असल्यास
– ट्रेडमार्कचा अर्ज. मद्य वर्ग ३३ मध्ये येते
– भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून अर्ज. हा चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो

व्हॅटबद्दल थोडे सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. पण बाटल्या, बुचे, लेबले यांवर तुम्ही जीएसटी भरता आणि त्याचा परतावा मिळत नाही. किंमत ठरवताना हा खर्च धरा. हिशेबनीस असा शोधा ज्याने आधी मद्याचे काम केले आहे.

५. जागा आणि भांडी

पाणी जवळ हवे, ओहळ फार जवळ नको. भट्टीतून उरलेले गरम आंबट पाणी थेट ओहळात गेले तर मासे मरतात आणि गाव तुमच्यावर उठते. त्यासाठी दूर खड्डा करा, थंड होऊ द्या, चोथ्याबरोबर कुजवून खत करा. छप्पर उंच आणि बाजू मोकळ्या ठेवा. मद्याची वाफ पेटते, म्हणून धार जिथे पडते ती जागा चुलीपासून शक्य तितकी लांब आणि मधे भिंत.

भाण, म्हणजे चुलीवर चढवायचे भांडे, तांब्याचे घ्या. मातीच्या भाणाची चव जुने लोक अजून सांगतात, पण पहिल्याच वर्षी तिथे जाऊ नका. तांबे वापरण्यापूर्वी चिंच किंवा कोकम आणि राखेने घासून लख्ख करा; हिरवा थर राहिला तर तो दारूत उतरतो. डाग देताना शिसे असलेला कस्तूर (सांधायचा धातू) मुळीच वापरू देऊ नका, कासाराला समोर बसून विचारा. हे वाईट भेसळीइतकेच घातक आहे आणि डोळ्यांना दिसत नाही.

बाकी भांडी अशी: बोंडू मळायला कोळंबी (दगडात कोरलेली कुंडी) किंवा दाबायला पिंजरा, आंबवायला कोडें (मोठे मडके) किंवा खाद्यपदार्थांसाठीचे पिंप, धार गोळा करायला लवणी किंवा थंड पाण्याच्या टाकीतले तांब्याचे वेटोळे, मद्य मोजायची काचेची कांडी, तापमापक, गाळण्याची फडकी आणि काचेचे मोठे गराफांव (बुधले).

लाकडाचा प्रश्न गंभीर आहे. पडलेल्या काजूच्या फांद्या वापरा. उभे झाड तोडायला १९८४च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते.

६. बोंडूपासून कोडेंपर्यंत

झाडावरचा बोंडू तोडायचा नाही. पिकून आपोआप खाली पडलेलाच घ्यायचा. बी पिळून वेगळी करा आणि कुजलेला, मुंग्या लागलेला बोंडू बाजूला काढा. उचललेला बोंडू त्याच दिवशी मळा. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दुपारपर्यंत ठेवला तरी त्याला वास सुटतो आणि तो वास शेवटच्या थेंबापर्यंत जातो.

डोंगरात जांभ्या दगडात कोरलेल्या जुन्या कोळंब्या अजून दिसतात. पायांनी मळताना पाय स्वच्छ हवेत, एवढी एकच अट. पिंजऱ्यात दाबले तर रस जास्त निघतो. मळलेल्या रसाला मात्र तुरटपणा कमी असतो असे माझे मत आहे, कारण साल तितकी चिरडत नाही. दोन्ही करून बघा.

रस गाळून कोडेंत भरा. कोडें अर्धे जमिनीत पुरतात, त्यामुळे आतली उष्णता स्थिर राहते. वरून यीस्ट घालत नाहीत, पाणी नाही, साखर नाही. बोंडूच्या सालीवर असलेले यीस्टच काम करते. साधारण तीन दिवसांत फेस बसतो आणि गोडी जाते. चौथ्या-पाचव्या दिवशीही ठेवलात तर त्याचा शिरका होऊ लागतो. जीभ लावून बघा. गोड लागले तर थांबा, नाकात आंबट झणका आला तर उशीर झाला.

७. धार

भाण तीन चतुर्थांशच भरा. जास्त भरले तर उकळताना फेस नळ्यात चढतो, नळा बंद होतो आणि भाण फुटू शकते. भट्टीवरचे मोठे अपघात असेच होतात. नळ्याचे सांधे चिकणमाती आणि फडक्याने बंद करतात. दर वेळी नवी माती लावा, आणि चढवण्याआधी नळ्यातून फुंकून तो मोकळा आहे याची खात्री करा.

आच मंद. सुरुवातीला जोर करून नंतर कमी केली तर दारू जळकी लागते. धार सुरू झाली की पहिला थोडा भाग वेगळ्या भांड्यात घ्या. त्याला नखपॉलिशसारखा उग्र वास असतो. तो प्यायचा नाही, कोणाला द्यायचा नाही आणि पुढच्या घाण्यातही घालायचा नाही. असिटाल्डिहाइड, इथाइल असिटेट यांसारखे हलके घटक मुख्यतः इथेच येतात. मधली धार स्वच्छ, फळाच्या वासाची. शेवटी ओल्या पेंढ्यासारखा वास येऊ लागला की थांबायचे. हा शेवटचा भाग उर्राकाच्या दुसऱ्या फेरीत चालतो.

ताकद मोजताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. जुने लोक ग्रावमध्ये (ताकदीचे जुने माप) बोलतात, फेणी एकोणीस-वीस ग्राव आणि उर्राक चौदा ते सोळा. बाजारातली काचेची कांडी टक्क्यांत दाखवते आणि ती २० अंश सेल्सिअसला बसवलेली असते. भट्टीवर दारू बत्तीस-तेहतीस अंशांवर असते, तेव्हा कांडी चार-पाच टक्के जास्त दाखवते. ४७ दिसले म्हणून खूश होऊन पाणी घातलेत तर हातात ३८ची फेणी येईल. नमुना थंड पाण्यात ठेवून निववा, किंवा तापमानाच्या तक्त्यावरून दुरुस्ती करा.

आणि कितीही मागणी आली तरी बाहेरचे स्पिरिट मिसळू नका. मोसमाच्या शेवटी बोंडू संपतो आणि गिऱ्हाईक फोन करत राहते, तेव्हा हा मोह होतो. फेणी संपली असे सांगता यायला हवे.

८. साठवण

काचेच्या गराफांवात फेणी चांगली राहते. प्लास्टिकचे कॅन फक्त वाहतुकीला, तेही तासांपुरते. नवी फेणी नाकाला टोचते. पावसाळाभर ठेवली तर ती पुष्कळ मऊ होते, म्हणून मेमध्ये भरलेली फेणी निदान दिवाळीपर्यंत उघडू नका. प्रत्येक गराफांवावर बागेचे नाव, मळणीची तारीख आणि ताकद लिहा. दोन-तीन वर्षांनी हीच नोंद तुमची खरी ओळख होते, कारण एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची फेणी वेगळी लागते.

९. लेबल

आता लेबलाकडे या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे २०१८चे नियम लागू होतात. मद्याची टक्केवारी, बॅच, उत्पादकाचा पत्ता आणि ठरवून दिलेला आरोग्याचा इशारा असायलाच हवा. पचनाला चांगली, सर्दीवर उपाय असे काहीही लिहिता येत नाही. घरात आजी फेणी चोळत असली तरी बाटलीवर तो दावा चालत नाही. लेबल अबकारी खात्याकडून मंजूर करून घेतल्याशिवाय छपाईची मोठी ऑर्डर देऊ नका.

गोष्ट मागच्या बाजूला, लहान, गावाचे नाव घेऊन. ज्याने सांगितली त्याला पहिला नमुना दाखवा. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत छापता येतात आणि वाचणारेही आहेत.

१०. विक्री आणि मोसमाचा शेवट

२०१६ साली गोव्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला, २०२१ साली फेणी धोरण आले. त्यामुळे पर्यटक भट्टी बघायला येऊ लागले आहेत. हा चांगला उत्पन्नाचा मार्ग आहे, पण भट्टी दाखवणे आणि तिथे पेला भरून विकणे यांत परवान्याचा फरक आहे. चव देण्याची परवानगी तुमच्या परवान्यात आहे का ते बघा. एकवीस वर्षांखालच्या कोणाला देऊ नका. दारूच्या जाहिरातीवर निर्बंध आहेत, म्हणून लोकांना बाग, मळणी, कोळंबी, गावचा शिगमा दाखवा.

ग्रामदेवतेच्या जागी पर्यटकांना नेण्याआधी गावाचा शब्द घ्या. साळच्या गड्यांच्या रात्रीसारखे प्रसंग सहलीच्या यादीत घालू नका.

मे संपताना चूल विझवा. भाण आणि नळा घासून, कोरडे करून, उलटे ठेवा. कोळंबीवर झावळ्या घाला. किती रस, किती उर्राक, किती फेणी याचा हिशेब अबकारी कचेरीत वेळेत द्या आणि पोच घ्या. पुढच्या पावणीच्या वेळी हीच पोच पहिल्यांदा मागतात. ज्या बागवाल्यांनी बोंडू दिला त्यांचे पैसे पावसाआधी चुकते करा, कारण पुढच्या वर्षीचा सौदा ते जूनमध्येच मनात ठरवून टाकतात.